असून अडचण, नसून खोळंबा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात झालेले भाषण. अनेक भगिनींनी मागणी केल्यावरून ते येथे छापीत आहोत.)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली आणि विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपविण्यात आले. अशा प्रसंगी थोर स्त्रियांची चरित्रे सांगावीत असा आपल्याकडे प्रघात आहे, व तो चांगलाच आहे. परंतु मी आज बोलणार आहे ते माळ्याविषयी, कपाटाविषयी, पलंगाखालच्या ट्रंकेविषयी आणि मागच्या पडवीतील ढिगाविषयी. आत्ताच काही जणी एकमेकींकडे पाहून हसल्या. म्हणजे विषय घरोघरचा आहे, याची मला खात्री पटली.

आपल्याकडे म्हण आहे, 'असून अडचण, नसून खोळंबा.' ती आपण एरवी माणसांना लावतो. पण घरातील सामानाला ती अधिक शोभते. पाहुणे आले की नेमकी मोठी किसणी सापडत नाही. ती घरात असते, परंतु तीन बंद पडलेल्या मिक्सरांच्या पाठीमागे असते. दाखला मागितला की कपाट रिकामे करावे लागते. वस्तू आहे म्हणून नवी आणता येत नाही आणि सापडत नाही म्हणून कामाला येत नाही. या दोन्हींच्या मध्ये घरातील बाईचा जीव टांगलेला राहतो.

आता, पूर्वी असे नव्हते असे मी म्हटले तर आपण म्हणाल, की जुने ते सोने हे गाणे पुन्हा सुरू झाले. तसे नाही. जुन्या घरातही सामान पुष्कळ होते, किंबहुना आपल्यापेक्षा साठवण मोठी होती. परंतु त्या साठवणीला एक रीत होती. ती रीत काय होती आणि ती कोठे सुटली, हे पाहिले म्हणजे आपली अडचण उलगडेल.

आपल्या कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या भरणीला आगोट म्हणतात. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. रस्ते नव्हते, पूल नव्हते, ओढ्यांना पाणी आले की बाजार तुटे. म्हणून वैशाखात घराघरांतून भरणी होई. उकडे तांदूळ, कुळीथ, मिरची, मीठ, चिंच, सोले, सुके बांगडे, फणसाच्या आठळ्या, आंब्याची साटे, लाकूडफाटा, आणि झडीपासून ओटी वाचविण्यासाठी माडाच्या झावळ्यांची झापे. भाताला तट्ट्याची कणगी, ती शेणाने सारवलेली. बियाण्याला पेंढ्याची घट्ट आवळलेली मुडी. दूधदुभत्याला शिंके, म्हणजे मांजर आणि मुंगी दोघांपासून सुटका. कपड्यांना मांदूस. लोणच्याला चिनी मातीची बरणी, आणि तिच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा.

ही झाली आत येण्याची बाजू. परंतु बाहेर जाण्याचीही तितकीच ठरलेली बाजू होती. आगोट ही पावसात खाऊन संपविण्यासाठीच होती. नवान्न पौर्णिमेला नव्या भाताच्या लोंब्या दारावर लागत. नवे भात घरात येण्यापूर्वी कणगी रिकामी होई, झाडली जाई, सारवली जाई. मडक्यांची उतरंड दिवाळीला खाली उतरे, कारण तळाच्या मडक्याला हात घालायचा तर वरची सारी उतरवावी लागत. जुनी लुगडी गोधडीत जात, गोधडी जीर्ण झाली की ती पोतेरे होई, आणि पोतेरे चुलीपुढे संपे. फुटलेल्या मडक्याची खापरी तव्याच्या कामी येई. म्हणजे घराला दोन दारे होती, पुढचे येण्याचे व मागचे जाण्याचे, आणि दोन्ही पंचांगाप्रमाणे उघडत.

साठवणीची ही काळजी आपल्या मुलखात केवळ घरापुरती नव्हती. आपल्या जिल्ह्याला ज्या किल्ल्याचे नाव आहे, त्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या बेटावर सुरू करविले. त्याच महाराजांचे इ. स. १६७४ च्या सुमाराचे एक प्रसिद्ध पत्र आहे. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी जमविलेले दाणे व वैरण बेताने वापरा, आरंभीच उधळाल तर भर पावसात काही मिळणार नाही, असे त्यात बजावले आहे. आणि त्याच पत्रात असेही आहे, की रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. एवढ्या मोठ्या राज्यकर्त्याने उंदराची आणि वातीची चिंता वाहावी, यातच शहाणपण आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावरील साठवणीविषयी असेच बारीक नियम आहेत. कोठारातील दारूगोळा आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढावा, त्याला ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावा, असे ते सांगतात. केराची राख करून ती परसात घालावी व तीवर भाजीपाला करावा, असेही सांगतात. ठेवलेली वस्तू अधूनमधून बाहेर काढून पाहिलीच पाहिजे, हा त्यातील धडा आहे. जी वस्तू वर्षानुवर्षे कोणी पाहिली नाही, ती साठवण नव्हे, ती अडगळ.

मग ही रीत सुटली कशी? आपल्या या नगरीतच त्याचे उत्तर आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. ओरोसला जिल्ह्याचे ठाणे वसले आणि माळरानावर कचेऱ्या, वसाहती, चाळी, बंगले उभे राहिले. येथे आलेली कुटुंबे कोणी मालवणची, कोणी सावंतवाडीची, कोणी देवगड-कणकवलीची, कोणी घाटावरची. ही मंडळी मोठ्या घरांतून दोन-तीन खोल्यांत आली. घर लहान झाले, पण मन मोठ्या घराचेच राहिले. पडवी नाही, मांगर नाही, माजघर नाही, परंतु पडव्या-मांगरात मावणारे सामान मात्र बरोबर आले. पुढे बाजार जवळ आला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, महामार्ग रुंद झाला, आता तर वस्तू मोबाइलवर मागविली की दारात येते. येण्याचे दार रात्रंदिवस उघडे राहिले. जाण्याचे दार मात्र कोणी उघडेनासे झाले.

आणखी एक फरक झाला, तो आपल्या ध्यानात आलेला नसतो. जुन्या घरात चुलीचा धूर माळ्यावर जाई. डोळ्यांना व छातीला तो वाईटच, त्याचे गोडवे मी गाणार नाही. गॅस आला हे बायकांवर मोठे उपकार झाले. परंतु त्या धुराने माळा कोरडा राही, बांबूला कीड लागत नसे, वर टांगलेले बियाणे टिकत असे. आता चूल गेली आणि तिच्याबरोबर माळ्याचा राखणदारही गेला. स्लॅबच्या घरातील लॉफ्टला आपण झडपा लावून तो घट्ट बंद केला. आत हवा नाही, ऊन नाही, धूर नाही. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा तेवढी आत शिरते आणि बुरशीची शेती होते. म्हणून पहिली सूचना अशी, की लॉफ्टच्या झडपांना जाळी किंवा भोके असावीत, भिंतीला टेकून काही ठेवू नये, आणि पावसापूर्वी व पावसानंतर असे वर्षातून दोनदा सर्व सामान खाली उतरावे.

केवळ घर नीटनेटके दिसावे म्हणून मी हे सांगत नाही. अडगळीत जीवावरचे धोके आहेत. ते आपण नीट समजून घेतले पाहिजेत.

घर बांधून झाल्यावर उरलेले चिरे, कौले, वासे आपण मागच्या बाजूला रचून ठेवतो. पुढे एक खोली काढायची आहे ना, तेव्हा लागतील. दहा वर्षे खोली होत नाही आणि चिऱ्यांच्या ढिगात फुरसे राहायला येते. फुरसे आकाराने लहान, मातीच्या रंगाचे, सहज दिसत नाही, परंतु अत्यंत विषारी. चिरे, कौले लागणार असतील तर ते घरापासून दूर, जमिनीपासून उंच, मोकळ्या जागी रचावेत. ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. आणि दंश झालाच तर मांत्रिकाच्या वाटेला न जाता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच मिळते.

दुसरा धोका उंदराचा. आपल्या जिल्ह्यात लेप्टोच्या तापाने माणसे दगावलेली आहेत. त्याचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. आपण तो रोग शेतातला समजतो. परंतु उंदराला घर कोण देते? रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा, जुन्या गाद्या आणि खोक्यांची चळत. माळ्यावर लेंड्या दिसल्या तर कोरडे झाडू नये. जंतुनाशकाचे पाणी शिंपडावे, हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे आणि मग पुसून काढावे.

तिसरा धोका डासांचा. करवंट्या, फुटक्या बादल्या, जुने टायर, कुंडीखालच्या बशा यांत पाणी साठले, की आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची नवी पिढी तयार होते. म्हणून आठवड्यातून एक दिवस ही सर्व भांडी कोरडी करावीत. करवंटी बंबात घालावी, परसात टाकू नये.

चौथा धोका मला सर्वांत भयंकर वाटतो. आंबा-काजूच्या फवारणीतून उरलेले औषध आपण सरबताच्या वा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवतो. फरशी पुसण्याचे ॲसिड, टर्पेंटाइन, रॉकेल यांचेही तेच. लहान मूल बाटली ओळखते, आतील विष ओळखत नाही. भगिनींनो, आज घरी गेल्यावर दुसरे काहीही केले नाही तरी चालेल, पण अशी बाटली घरात असेल तर ती शोधून काढा. औषध मूळ डब्यातच, नावाच्या चिठ्ठीसह, कुलपात, स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. रिकामा झालेला डबा धुऊन पाण्याला वापरू नका, त्याला भोके पाडून निकामी करा.

आता मुख्य कामाकडे वळू. आवराआवर करायची कशी?

प्रथम हे ठरवा, की सारे घर एका दिवसात आवरणार नाही. एक कपाट, एक ट्रंक, एक फडताळ, एवढेच एका वेळी घ्यावे. दुपारचे दोन तास पुरेत. सामान खाली काढून मोकळ्या जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर मांडावे आणि त्याचे चार ढीग करावेत.

पहिला ढीग नित्याच्या वापराचा. तो हाताशी, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. जड वस्तू खाली, हलक्या वर. रोज लागणारा कुकर वरच्या फळीवर आणि लग्नात मिळालेला चहाचा सेट हाताशी, अशी उलटी मांडणी पुष्कळ घरांत दिसते.

दुसरा ढीग सणासुदीचा आणि हंगामाचा. गणपतीचे मखर, माटवीच्या लाकडी पट्ट्या, मोठी समई, परात, टोप, पाट, पावसाळी बूट, गोधड्या. येथे माझी एक कसोटी आहे. एका चतुर्थीपासून पुढच्या चतुर्थीपर्यंत जी वस्तू एकदाही हातात आली नाही, तिची चौकशी व्हावी. कारण आपल्या घरी बाराही महिन्यांचे सण, पाहुणे, आजार, पाऊस एवढ्या अवधीत होऊन जातात. त्यातही जी लागली नाही, ती बहुधा लागणारच नाही. लग्नकार्याच्या वस्तू, बाळंतपणाच्या वस्तू यांना अर्थातच सूट द्यावी.

तिसरा ढीग दुसऱ्यांच्या वस्तूंचा. हा ढीग केला म्हणजे पुष्कळ जणींना आश्चर्य वाटेल. शेजारणीचे डबे, वाचायला आणलेली पुस्तके, दिरांचे जुने टेबल, आणि मुंबईकरांचे सामान. चाकरमानी मंडळींवर माझे प्रेम आहे, गावची घरे त्यांनीही उभी ठेवली. पण मुंबईच्या खोलीत नको झालेला टीव्ही, मोडका पाळणा, जुनी गादी, हे सारे 'गावाक जागा हा' म्हणून येते आणि वरची खोली भरून टाकते. झाडलोट करते गावची वहिनी, आणि टाकायला गेली तर बोल लागतो तिलाच. यावर उपाय एकच, गणपतीला सारे जमतात तेव्हा सर्वांसमक्ष ती खोली उघडावी. ज्याची वस्तू त्याने डोळ्यांनी पाहावी, 'नेतो' की 'देऊन टाका' हे त्यानेच सांगावे. न विचारता टाकू नये. परंतु विचारल्यावर उत्तरही मिळालेच पाहिजे.

चौथा ढीग जाण्याचा. त्याचे पुन्हा पोटभाग करावेत. धडके ते देण्यासाठी, धातू-कागद-काच भंगारासाठी, धोक्याचे ते वेगळे. फाटके-विटके कपडे कोणाला 'दान' म्हणून देऊ नयेत. आपण नेसणार नाही ते दुसरीला द्यायचे, हे दान नव्हे. जुन्या बॅटऱ्या, ट्यूबा, मोडके मोबाइल, मुदत संपलेली औषधे नित्याच्या कचऱ्यात टाकू नयेत. आणि प्लास्टिक तर मुळीच जाळू नये, त्याचा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. अमात्यांनी केर जाळावयास सांगितला तो पालापाचोळ्याचा होता, पिशव्यांचा नव्हे. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता पाहणीत सपाटीच्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग देशात पहिला आला होता. तो मान टिकविणे हे शेवटी आपल्याच अंगणातले काम आहे.

आता सासू-सुनांच्या नाजूक प्रश्नाविषयी. सून माळा आवरू लागली की खालून आवाज येतो, "ऱ्हवांदे गो, कधीतरी लागतला." सुनेला वाटते, सासूबाईंना काही सोडवत नाही. सासूला वाटते, हिला काही किंमत नाही. दोघींचेही थोडे खरे आहे. ज्या पिढीने टंचाई पाहिली, रेशनच्या रांगा पाहिल्या, तिला दोरीचा तुकडाही टाकवत नाही. तिच्या लेखी ती दोरी कंजूषपणाची खूण नसते, तिनेच तिला निभावून नेलेले असते. आणि पुष्कळदा घरात बाईच्या नावावर जमीन नसते, घर नसते. माहेराहून आलेला हंडा, कळशी, एक पितळी डबा, एवढेच काय ते तिचे स्वतःचे. तेच कोणी न विचारता मोडीत घातले तर ती बोलत नाही, पण आतून तुटते. म्हणून सुनांना माझे सांगणे, की सासूबाईंची वस्तू त्यांना विचारल्यावाचून बाहेर काढू नका. आणि सासूबाईंना सांगणे असे, की ज्या वस्तूवर जीव आहे ती आपल्या हयातीत, आपल्या हाताने, जिला द्यायची तिला द्या, आणि ती कोठून आली हेही सांगा. हंड्याबरोबर त्याची हकिगतही गेली पाहिजे.

ही गोष्ट जगभरच्या बायकांना सुचलेली आहे. मार्गारेता मॅग्नुसन या स्वीडनच्या चित्रकर्तीने वयाची ऐंशी उलटल्यावर याच विषयावर एक पुस्तक लिहिले. ते २०१७ मध्ये निघाले. आपल्यामागे मुलांवर अडगळ आवरण्याची पाळी येऊ नये म्हणून आपणच हळूहळू आवरत जावे, असे त्या सांगतात. जपानच्या मारी कोंडो यांचे नाव तर आपल्या मुलींनी ऐकलेच असेल. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती आनंद देते का ते पाहावे, देत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यावा, अशी त्यांची पद्धत. आभार मानण्याची कल्पना मला आवडली. दसऱ्याला आपणही कोयता-विळीची पूजा करतोच. पण आनंदाची कसोटी आपल्याला पुरणार नाही. पन्नास माणसांच्या भाताचा टोप पाहून कोणाला आनंद होतो? उचलताना कंबरच मोडते. आपली कसोटी अशी असावी, की ही वस्तू कोणाच्या कामी येते? आणि घरात मुले आहेत तेथे सदासर्वकाळ टापटीप राहत नाही, हेही लक्षात असावे. तिसरे मूल झाल्यावर आपल्याही घरी पूर्वीची टापटीप उरली नाही, असे खुद्द कोंडोबाईंनी २०२३ मध्ये मोकळेपणाने सांगितले. तेव्हा आपणही स्वतःला उगाच बोल लावून घेऊ नये.

जुने सारे टाकावे असेही मी म्हणत नाही. पुण्याचे राजा केलकर संग्रहालय पुष्कळ जणींनी पाहिले असेल. दिनकर गंगाधर केलकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, वज्ऱ्या, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले. त्या वस्तू कोणाच्या ना कोणाच्या घरातच होत्या. केलकरांनी त्या निवडल्या, पुसल्या, त्यांची माहिती लिहिली आणि लोकांना दिसतील अशा मांडल्या. आपल्या घरातील जुना दिवा ठेवायचा असेल तर तोही असाच ठेवावा, आमसुलाच्या पाण्याने घासून, दिवाणखान्यात, नातवंडांना दाखवून. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलेला दिवा ना कामाचा ना आठवणीचा.

दोन गोष्टी विशेष काळजीने ठेवाव्यात, वस्त्रे आणि कागद.

रेशमी साडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, मऊ सुती कापडात ठेवावी. वर्षातून दोन-तीनदा घडी मोडून नव्या जागी घालावी, नाहीतर जर घडीवर तुटते. सावलीत हवा द्यावी, कडक उन्हात रंग उडतो. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. लोखंडी ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी पाटांवर ठेवावी, म्हणजे ओल चढत नाही व वाळवी लागली तर लगेच दिसते.

कागदांची गोष्ट त्याहून मोठी आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा कितीतरी घरांची कौले, पत्रे उडाले आणि वीज अनेक दिवस नव्हती. कौले पुन्हा घालता येतात. परंतु भिजून लगदा झालेले खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला किंवा वारसनोंदीचे कागद पुन्हा मिळविताना चपला झिजतात. आपली तर जिल्ह्याची नगरी, अशा कागदांसाठी खेपा घालणारी माणसे आपण रोज पाहतो. तेव्हा घरातील सर्व महत्त्वाचे कागद एकाच पाणी न शिरणाऱ्या डब्यात ठेवावेत. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, बँकेची पुस्तके, विम्याचे कागद, जन्म-विवाहाचे दाखले, दवाखान्याचे कागद, असे वेगवेगळे लिफाफे करून वर नाव लिहावे. डब्याच्या झाकणाला आत यादी चिकटवावी. मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत, सरकारची डिजिलॉकरची सोयही २०१५ पासून आहे. आणि मुख्य म्हणजे तो डबा कोठे आहे, किल्ली कोठे आहे, हे घरातील बाईला माहीत असावे. नवरा अकस्मात गेल्यावर कोणत्या बँकेत खाते आहे हेसुद्धा ठाऊक नसलेल्या बायका आपल्या आजूबाजूला आहेत. दुःखाच्या दिवसांत त्यांना कपाटे उपसावी लागतात. कागद आवरणे ही बाईच्या उद्याची तरतूद आहे, असे मी समजते.

या कामी आपल्याला आपल्या नगरीतच गुरू आहेत. येथील वसाहतीत बदलीवर आलेली कुटुंबे राहतात. साधारण तीन वर्षे झाली की बिऱ्हाड हलायचे. या भगिनींकडे पाहावे. किती डबे, किती गाद्या, किती भांडी याचा हिशेब त्यांच्या तोंडी असतो, कारण प्रत्येक नग स्वतः बांधावा व सोडावा लागतो. आपण मात्र एका जागी राहतो म्हणून साठवीत जातो. पुढच्या महिन्यात आपली बदली झाली आहे आणि एकच टेम्पो मिळणार आहे, अशी कल्पना करून एकवार घरातून फिरून पाहावे. काय चढवाल आणि काय येथेच ठेवाल, ते मन चटकन सांगते.

पण आवरले तरी ते टिकावे कसे? त्यासाठी तीन साधे नियम पुरतात. एक, नवी वस्तू आली की तिच्या जातीची एक जुनी गेलीच पाहिजे. दोन, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असावी आणि ती जागा घरातील सर्वांना, मुलांना व पुरुषांनाही ठाऊक असावी. 'आई, माझे अमुक कुठे आहे?' या प्रश्नाचे उत्तर देण्यात बाईचे अर्धे आयुष्य जाते. ज्याने घेतले त्याने हातासरशी जागेवर ठेवावे. तीन, वर्षातील आवराआवरीचे दोन दिवस सणासारखे ठरवून टाकावेत. एक आगोटीच्या वेळी, पाऊस लागण्यापूर्वी, आणि दुसरा नवान्नाच्या सुमारास. त्या दिवशी घरातील पुरुषांनी माळ्यावर चढावे व मुलांनी वस्तू पुसाव्यात. हे एकट्या बाईचे काम नव्हे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. घराघरांतून मोठे टोप, पराती, कढया, सतरंज्या वर्षातून एकदा वापरण्यासाठी पडून आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी त्या मंडळाकडे द्याव्यात. मंडळाने नोंदवही ठेवून, प्रत्येक भांड्यावर देणारीचे नाव घालून, कार्याला लागतील त्या घरी द्याव्यात. माझा टोप तुमच्या घरच्या सत्यनारायणाला आणि तुमची परात माझ्या घरच्या बारशाला. तसेच जून महिन्यात शाळा सुरू होण्यापूर्वी पुस्तके, दप्तरे, गणवेश, रेनकोट यांची एक दिवसाची देवघेव मंडळाच्या जागेत भरवावी. एका घरातील अडगळ दुसऱ्या घरातील गरज असते. त्या दोन घरांची गाठ घालून देणे, हे मंडळाचे काम आहे.

भगिनींनो, घरातील रिकामी फळी पाहून आपल्याला चुकल्यासारखे वाटते. वाटू देऊ नका. कणगी रिकामी झाल्यावाचून नवे भात घरात घेता येत नव्हते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. या वर्षीचा पाऊस लागण्यापूर्वी प्रत्येकीने एक ट्रंक, एक कपाट आणि एक कागदांचा डबा एवढे आवरले, आणि विषाची बाटली घरात असल्यास ती दूर केली, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.